टेकडी खाली बावडी

चहा आधी घ्या, मग सांगतो. सांगून झाल्यावर तुम्ही माझ्या घरचा चहा घ्याल की नाही, याची मला खात्री नाही.

कुणाचा धंदा बुडतो, कुणाची नोकरी बुडते. माझ्या हातून एका गावाची अख्खी बावडी बुडाली. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, तुमच्याकडे बारव म्हणतात ती. आता विहिरीत माणूस बुडतो हे ऐकलं होतं, पण माणसानं विहीर बुडवली, हे कधी ऐकलंय? मी बुडवली. तीही मराठी वाचून!

थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे रोगाचं मूळ कळेल. वडील साताऱ्याहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले. मी इथलाच, देवीच्या टेकरीच्या, म्हणजे टेकडीच्या, अगदी पायथ्याशी वाढलेला. शाळा हिंदी. घरात मराठी बोलायचं, विचार हिंदीत करायचा आणि भांडण माळवीत करायचं, असा आमचा रिवाज. मराठी वाचन म्हणाल तर आरत्यांचं पुस्तक आणि नातेवाइकांच्या लग्नपत्रिका. पण गर्व? तो मात्र अस्सल मराठी.

लग्न जमवायला मिरजेला गेलो होतो. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी ऐटीत म्हणालो, "देवासलाच. फार चांगली शिक्षा मिळाली मला."

त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. "कशाबद्दल हो?"

तरी सुनंदानं मला होकार दिला. तेव्हापासून शिक्षा ती भोगते आहे.

तर कारखान्यात माझ्याच पाळीत काम करणारा रामेश्वर पाटीदार. मोठा दिलदार माणूस. त्याचं गाव सतवासच्या वाटेवर, एका टेकडीला लागून. त्यांच्याकडे मूल झालं की बाळंतीण जाऊन पाण्याची पूजा करते, त्याला जलवा म्हणतात. बाया गाण्यात बावडीला हाका मारतात आणि कुंकू लावतात हँडपंपाला! करणार काय? बावडी केव्हाचीच गाळानं बुजली. ती नेमकी कुठं होती, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. रामेश्वरच्या वेळी त्याच्या आईनं हँडपंपच पुजला होता. आता रामेश्वरचं लग्न झालं होतं, आणि म्हातारीचा एकच ध्यास होता, नातवाचा जलवा खऱ्या बावडीवर व्हावा.

त्यात गावाला पाण्याची टंकी मंजूर झाली. इंजिनिअरनं बोट ठेवलं थेट टेकडीच्या माथ्यावर. रामेश्वर धावत माझ्याकडे आला.

"भिया, बावड़ी उधर हुई तो टंकी के नीचे दब जाएगी. पुराना रिकॉर्ड सब मराठी में हे. तुम तो मराठी हो. ढूँढ दो नी!"

तुम तो मराठी हो! एवढं ऐकलं आणि माझ्या शर्टाची बटणं ताणली गेली.

खरं तर अशा शोधाला वाटा पुष्कळ. जुनं गॅझेटियर असतं, पुरातत्त्ववाल्यांच्या गावोगावच्या याद्या असतात, मोजणीचे नकाशे असतात. आता तर मोबाइलवर आकाशातून काढलेले फोटो दिसतात, बुजलेल्या विहिरीवरचं गवतसुद्धा त्यात वेगळं उमटतं. शहाणा माणूस एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून बघतो. पण मी मराठी होतो ना! मला एकच कागद पुरला.

अर्ज केला, रेकॉर्ड रूममध्ये खेटे घातले. एकदाचा बाबूनं संस्थानी काळातला त्या गावाचा नकाशा टेबलावर पसरला. टेकडीचं सुबक चित्र, त्याच्या अंगावर दोन ओळी. पहिल्या ओळीत 'टेकडी'. जागा संपली म्हणून पुढचे शब्द दुसऱ्या ओळीत, 'खाली बावडी'.

"क्या लिखा हे, साब?" बाबूनं विचारलं.

सकाळपासून हिंदीतच बोलत होतो. डोकंही हिंदीतच चालू होतं. मी चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणालो, "ये टेकरी. और इसपे हे खाली बावड़ी. मतलब सूखी. रीती."

"टेकरी के ऊपर बावड़ी?"

"तभी तो खाली हे! ऊपर पानी चढ़ेगा कैसे?"

बाबूनं मान डोलावली. "वा साब! मराठी की बात अलग हे."

तुम्हाला हसू येतंय? हसा. मला तेव्हा कुठं येत होतं!

घरी आलो. सुनंदा म्हणाली, "बघू तो नकाशा." मी नकलेची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली. "तुला काय कळणार? ही संस्थानी मराठी आहे, मिरजेची नव्हे."

हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मग काय, माझी गाडी सुसाट! मी चक्क एक टिपण लिहिलं, 'माळव्यातील निर्जल बावडी'. टेकडीवरच्या कोरड्या बावडीत पूर्वी धान्य ठेवत असावेत. नाहीतर पहारेकरी लपत असावेत. धारला आपल्या मंडळींच्या गणपतीत यावर भाषणही ठोकलं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "मूळ मजकूर काय आहे, तेवढा वाचून दाखवता का?" मी म्हणालो, "वेळ कमी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीफळ मिळालं, ते सुनंदानं आमटीत घातलं.

पंचायतीनं ठराव केला. टेकडीचा माथा राखायचा, तिथं तारेचं कुंपण घालायचं आणि टंकी खाली पायथ्याशी बांधायची. इंजिनिअर कुरकुरला. "ऊँचाई छोड़ के नीचे कौन बनाता हे?" रामेश्वरनं माझं टिपण त्याच्या नाकासमोर धरलं. माथ्यावरची काटेरी झुडपं काढली, दगड उलथून पाहिले. बावडी काही सापडली नाही. मी धीर दिला, "इतनी खाली हे कि दिखती भी नी!"

इथपर्यंत मूर्खपणा होता. खरं पाप पुढं आहे.

पायथ्याशी टंकीचे खड्डे खणायला घेतले, आणि रामेश्वरचा फोन आला. "भिया, यहाँ घड़े हुए पत्थर निकल रिये हें. सीढ़ी जैसे, एक के नीचे एक. काम रुकवा दूँ?"

त्यानं विचारलं होतं हो. थांबवू का, असं स्वतः विचारलं होतं! मी कँटीनमध्ये समोसा खात होतो. तोंडातला घास न गिळता म्हणालो, "अरे, वो ऊपर की बावड़ी के हें. लुढ़क के आए होंगे. भर दो नींव में."

त्यांनी ते पाया भरायला वापरले. माझ्या शब्दावर.

लोकार्पणाला मला साफा बांधला, हार घातला. सुनंदाही सोबत होती. पंचायतीनं तो नकाशा मोठा करून फ्रेममध्ये लावला होता. बँड वाजत होता आणि सुनंदा चष्मा लावून फ्रेमजवळ गेली.

"अहो, हे तर टेकडीखाली बावडी लिहिलंय."

"तेच तर सांगतोय! टेकडी. खाली बावडी."

"तसं नाही हो. टेकडी-खाली. टेकडीच्या खाली. पायथ्याला!" आणि तिनं बोटानं जमिनीकडे दाखवलं.

मी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं. समोर झेंडूच्या माळा घातलेली नवी कोरी टंकी उभी होती.

जन्म टेकरीखाली गेला माझा. पत्ता सांगताना हजार वेळा 'टेकरीखाली' म्हणालो असेन. आणि कागदावर तोच शब्द हिंदीत वाचून बसलो! निव्वळ हिंदीवाला असता तर त्यानं कुणा मराठी माणसाला विचारलं असतं. निव्वळ मराठी माणूस चुकलाच नसता. हे करायला आमच्यासारखा अर्धवटच लागतो.

रामेश्वरला मराठी येत नाही, पण सुनंदाचं बोट त्याला कळलं. "भाभी... नीचे?" त्यानं विचारलं. तो टंकीच्या पायांकडे बघत राहिला. म्हणाला, "वो सीढ़ियाँ ही थीं, भिया." एवढंच. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची आई तर शिवीही देईना. "भूल तो होय हे, बेटा," म्हणाली आणि माझ्या ताटात दाल आणि बाफले, म्हणजे इकडचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वाढले, वर तुपाची धार. मला खरंच रडू येत होतं आणि म्हातारी मला अजून एक बाफला घ्यायचा आग्रह करत होती.

घरी आल्यावर मी आकाशातले जुने फोटो उघडले. टेकडीच्या पायथ्याशी हिरव्या गवताचा चौकोन स्वच्छ दिसत होता. शेंबड्या पोरालाही दिसला असता. आधी बघायला कुणी हात धरला होता?

पुढं टंकीत पहिल्यांदा पाणी भरलं, तशी खालची भरावाची जमीन दबली आणि एक पाय खचला. इंजिनिअरनं सगळं पाणी सोडून द्यायला लावलं. तेव्हापासून ती तशीच, जराशी वाकून उभी आहे. गाव परत हँडपंपावर.

रामेश्वरला मुलगा झाला. जलव्याला मला आवर्जून बोलावलं. म्हातारीनं खचलेल्या पायाला हळद-कुंकू लावलं, बायांनी बावडीला गाण्यात हाका मारल्या. मी मागं उभा राहून जमिनीकडे बघत होतो. ती तिथंच होती, माझ्या चपलांखाली. तिला ऐकू जात असेल का, असं वाटून गेलं.

मग माझं लक्ष त्या पायावर गेलं. जागा पुन्हा हरवू नये म्हणून रामेश्वरनं लाल रंगानं, जुन्या नकाशासारखं, खास मराठीत लिहून घेतलं होतं,

'टंकी खाली बावडी.'

मी वाचत राहिलो. एकदा हिंदीत, एकदा मराठीत. रामेश्वर जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाला,

"अब कैसे भी पढ़ लो, भिया. गलती नी होयगी."