रेषेबाहेरचा दम

समजा, शिट्टी तुमच्या गळ्यात आहे. समोर चौदा पोरी, भोवती चाळीस मोठी माणसं. चढाई करणारीचा पाय रेषेबाहेर पडला का, तिचं ‘कबड्डी कबड्डी’ मध्येच थांबलं का, हे एका नजरेत हेरायचं. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पाठीमागून तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता सांगतंय. जमेल?

विजयकुमारला दर रविवारी जमवावं लागतं. एरवी वारंगा फाट्यावर तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. नुसत्या वासावरून बिघाड ओळखतो. रविवारी मात्र दुकानामागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीनं मैदान आखून आसपासच्या गावांतल्या, तांड्यांवरच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरींचे सामने लावतो.

त्यांत सगळ्यांत चपळ पुजा. तिचा बाप भीमसिंग राठोड तांड्यावरचा शेतकरी. दोन शेतं पलीकडच्या माणसाला हाक मारायला त्याला फोन लागत नाही. पुजा चढाईला निघाली की हा रेषेला चिकटून सुरू, “डावीकडं जाय, डावीकडं. कोपऱ्यातली धर. मागं काहून येऊन राहिली?” पुजा बापाकडे बघायची, तेवढ्यात तिचा घोटा कुणाच्या तरी हातात असायचा. मग भीमसिंगचा आवाज आणखी चढायचा.

एका रविवारी सामना संपल्यावर पुजानं जर्सी घडी घालून विजयकुमारच्या हातात दिली.

“मामा, आता मी येत न्हाई.”

“काहून? पाय दुखून राहिला का?”

“न्हाई. समोरच्या सात जणी दिसतच न्हाईत मला. नुसता बा ऐकू येतो.”

तांड्याच्या संघात पोरी मोजून सात. ही गेली की संघच मोडणार होता. विजयकुमारनं तिला आणखी एकच रविवार मागून घेतला आणि चहाच्या टपरीवर भीमसिंगला गाठलं.

“भीमसिंगभाऊ, पोरीला तिच्या मनानं खेळू द्या.”

“पोरगी माझी, तर सांगायला मीच पायजे. तुमी मोटारी बघा.”

पुढच्या रविवारी सामन्याआधी विजयकुमारनं शिट्टी फुंकली. “आजपासून रेषेबाहेरच्यांनाही नियम. ज्याला लेकराला सांगायचंय, त्यानं चढाई सुरू झाली की पोरीसंगं एका दमात कबड्डी म्हणायचं. दम तुटला किंवा दुसरा शब्द निघाला की बाद. बाद झालेल्यानं त्या लिंबाच्या झाडाखाली गप बसायचं.”

“हे कोन्या पुस्तकात लिवलंय?” भीमसिंगनं विचारलं.

“फाट्याच्या.”

“जाऊ द्या भाऊ,” मागून कुणी म्हणालं, “तुमच्यानं व्हनार न्हाई.”

झालं. भीमसिंगनं तोंडातली तंबाखू थुंकली, छाती फुगवली. पुजानं मधली रेषा ओलांडली आणि बापलेकींचं ‘कबड्डी कबड्डी’ एकदमच सुरू झालं. पहिली काही सेकंदं बाप जोरात होता. मग त्याचं नुसतं ‘बड्डी बड्डी’ उरलं, डोळे मोठे झाले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“अवो, श्वास घ्या,” त्याची बायको जमनाबाई म्हणाली, “पोरगी येते तिची तिची.”

भीमसिंग गुडघ्यांवर हात टेकून वाकला. पुजाकडे अजून दम होता. दोघींना शिवून ती आपल्या अंगणात परतली आणि वाकलेल्या बापाकडे बघून हसत हसत मातीतच बसली. मध्यंतरापर्यंत लिंबाखाली एकोणीस बाप, मामा, काका जमले होते; कुणाचा दम आधी तुटला यावर त्यांचं आपसात भांडण चाललं होतं, पण हलक्या आवाजात.

त्याच्या पुढच्या रविवारी पुजा सगळ्यांच्या आधी हजर. फक्कीचं घमेलं तिनंच धरलं.

नियमाला आता तीन महिने झाले. मैदान शांत आहे, निदान माणसं बसतात त्या बाजूनं. पण शिट्टी चालते ती मैदानावर. फाट्यापासून तांड्यापर्यंतच्या रस्त्यावर नाही. सामना संपला की पुजा बापाच्या मोटरसायकलवर मागे बसते, आणि गाडी वळायच्या आत भीमसिंगचं तोंड हलायला लागलेलं विजयकुमारला दुकानातून दिसतं. गाडीवर बा काय बोलतो, हे तो पुजाला दर रविवारी विचारतो. ती हसते आणि बुटाची नाडी बांधायला वाकते. हरल्याच्या दिवशी त्या गाडीवर बाप लेकीला काय बोलत असेल?