नेढं असलेला पडदा

लग्न होऊन मी दौंडला आले, तेव्हा मला पहिल्यांदा काय खटकलं असेल तर ते हे, की इथं नजर कुठं अडतच नाही. स्टेशन, रूळ, भीमेचं पात्र, चार बाभळी आणि पुढं नुसतं आभाळ. माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्याही पलीकडं, सह्याद्रीच्या पार पोटात. मागं डोंगर, पुढं धरणाचं पाणी. तिथं सकाळी दार उघडलं की डोंगर अंगावर यायचा. दौंडला दार उघडलं की मालगाडी.

शाळा मी तिसरीतून सोडली. शाळा पाण्याच्या पल्याड होती आणि होडी रोज मिळायची नाही. पुढचं वाचन झालं ते नवऱ्याच्या ओल्या पाट्यांवर. आमचे हे पेंटर. किराणा भुसार, सायकल मार्ट, पिठाची गिरणी, अशा पाट्या अंगणात वाळत पडायच्या आणि त्या वाळेपर्यंत मी एकेक अक्षर पुटपुटत बसायची.

स्टेशनजवळ एक फोटो स्टुडिओ होता. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. फोटो काढताना मागं सोडायचा पडदा त्यांनी यांच्याकडून रंगवून घेतला होता. लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला गेलो, तेव्हा तो पडदा मी पहिल्यांदा पाहिला. बर्फाचा डोंगर, खाली तळं, तळ्यात दोन राजहंस. सुरेख होतं सगळं. पण तळ्यातलं डोंगराचं प्रतिबिंबसुद्धा शेंडा वर करून सरळ उभं! मला हसू आवरेना.

"काय झालं?" यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पाण्यात डोंगर उलटा पडतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कुणी? रोज बघत होते की."

त्या फोटोत माझं अर्धं तोंड पदरात आहे, ते लाजेनं नव्हे.

यांचाही दोष नव्हता. जन्म दौंडात गेलेला. पुण्याहून आलेल्या एका जुन्या पडद्यावरून यांनी डोंगर उतरवला होता. खरा डोंगर जवळून पाहिलाच नव्हता. पण मी हसले म्हणून यांना राग आला तो आलाच. घरी आल्यावर समजूत काढावी म्हणून मी माझ्या डोंगराचं कौतुक सांगायला बसले आणि बोलता बोलता बोलून गेले, की त्याला नेढं आहे. सुईला असतं तसं. शेंड्याजवळ आरपार भोक, आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं.

झालं! सासूबाई हसल्या, हे हसले, शेजारच्या बायका पाणी भरताना मला विचारायला लागल्या, "काय गं, दोरा ओवलास का डोंगरात?" दोन वर्षं हे चाललं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी हे म्हणायचे, "असू दे, जिथं डोंगराला भोक असतंय तिथं भाजी अशीच करत असतील."

पडदा जुना झाला. गिऱ्हाइकांच्या पाठी घासून घासून एका राजहंसाची मान उडाली. नवा करायचं ठरलं, तेव्हा चाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा ठेवून आत वळले, तर म्हणाले, "थांब बेटी. ते नेढं खरंच हाय का?"

"हाय चाचा."

"मग पेंटर, नक्कल बास झाली. आपण जाऊन त्या डोंगराचा फोटो काढू. त्यावरनं पडदा रंगव."

"आन् तिथं नसलं म्हंजी?" हे म्हणाले.

"नसलं तर परत येऊ. पोरीला माहेर तरी दिसंल. पण वाट दाखवायला ती पायजे."

सासूबाईंना 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नाही त्यांनी. दोन वर्षांत मला माहेर दिसलं नव्हतं. चाचांचे ते शब्द आठवले की आजही डोळे भरून येतात. पण त्या दिवशी आनंदाच्या आधी धास्तीच वाटली. इतक्या लांब दोन माणसं माझ्या शब्दावर निघाली होती.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. दौंडहून नगरपर्यंत आगगाडी, तिथून राजूरपर्यंत एस.टी., पुढं बैलगाडी. कॅमेरा लाकडी, ऐसपैस; त्याची पेटी चाचांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. काचेवर फोटो उतरायचे दिवस ते. त्या मोजक्या काचा काळ्या कापडात गुंडाळून माझ्याकडं दिल्या होत्या. मी त्या तान्ह्या पोरासारख्या धरल्या होत्या.

संगमनेर मागं पडलं आणि हे जागेवर ठरेनात. खिडकीतून डोकं बाहेर. पहिली टेकडी आली, दुसरी आली, मग टेकड्यांच्या मागून खरे डोंगर उठायला लागले, निळे, एकामागं एक.

"अगं, हे एवढाले असतात?"

"हे लहान हायेत. पुढं बघा."

"आन् ह्या निळ्याच्या मागं आणखी फिका निळा हाय! तो कसा काय?" सगळ्या एस.टी.ला ऐकू जाईल असं बोलत होते. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, डोकं आत घ्या, न्हाईतर डोंगर इथंच ऱ्हाईल आन् डोकं जाईल."

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि शेंड्यावर ढग बसला होता. वडील कंदील घेऊन सामोरे आले. हातपाय धुवायच्या आधीच यांनी विचारलं, "मामा, खरं सांगा, डोंगराला नेढं हाय का?"

वडील मिश्कील. जावयाची गंमत करायची संधी ते कशाला सोडतात? म्हणाले, "आता मी काय सांगू? सकाळी डोंगरालाच इचारा."

"म्हंजी बापलेक एकाच माळेचे!" हे हसले. चाचाही हसले. मी हसले नाही. बा सरळ 'हाय' का म्हणाले नाहीत? रात्रभर तेच डोक्यात.

तांबडं फुटायच्या आधी वडिलांनी होडी सोडली. पाणी काळं, गार, आणि इतकं गप्प की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते. पल्याडच्या काठावर सपाट खडक होता, तिथं चाचांनी कॅमेऱ्याचे तीन पाय रोवले. समोर डोंगर असायला हवा होता. समोर होतं नुसतं धुकं. दूध ओतल्यासारखं.

"ऊन आलं की वारं सुटतं," वडील चाचांना म्हणाले. "वारं सुटलं की पाण्यातला डोंगर मोडतो. त्याच्या आधी काय ते घ्या."

म्हणजे धुकं उठायचं आणि वारा सुटायचा, या दोन्हींच्या मध्ये जो काय वेळ मिळेल तोच आमचा. मी धुक्यात बोट दाखवून म्हणाले, "तिथं. बराबर तिथं हाय नेढं."

पायथा उघडला. मग कंबर. पाण्यात तेवढाच डोंगर उलटा दिसायला लागला. धुकं वर वर सरकत गेलं आणि मी बोट दाखवलं होतं तो कडा मोकळा झाला. सबंध. काळाकभिन्न. कुठं टाचणीएवढंही भोक नाही.

मला दरदरून घाम फुटला, त्या थंडीत. हे मान वाकडी करून कडा न्याहाळत राहिले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला वाटलं, दोन वर्षं सगळे हसले ते बरोबरच होते की काय? लहानपणी बघितलेलं स्वप्नच मी खरं धरून बसले होते की काय? चाचांकडं मान वर करून बघायची हिंमत होईना.

आणि तेवढ्यात हे ओरडले. असे ओरडले की समोरच्या कड्यावरून आवाज परत आला.

"अगं ते बघ! ते, ते! उजवीकडं! आभाळ दिसतंय त्यातनं! आरपार हाय, चाचा, आरपार!"

बऱ्याच उजवीकडं ढगाचा शेवटचा तुकडा बाजूला झाला होता. शेंड्यावर कोवळं ऊन पडून दगड केशरी झाला होता आणि त्या केशरी दगडात निळं नेढं. मी धुक्यात भलतीकडंच बोट दाखवत बसले होते.

"कुणी पाण्यात पाय घालू नका!" चाचा काळ्या कापडात शिरले. कापडाखालून त्यांचा आवाज आला, "या अल्ला, काय जागा हाय!" मग बाहेर येऊन म्हणाले, "बेटी, आधी तू बघ. लवकर."

मी कापडाखाली डोकं घातलं. आत काचेवर माझा डोंगर हातभर अंतरावर होता आणि उलटा होता! कॅमेऱ्यात सगळं उलटंच दिसतं हे मला कुठं ठाऊक? खरा डोंगर डोक्यावर उभा, आणि पाण्यातला मात्र शेंडा वर करून सरळ.

"अहो, या, या!" मी यांचा सदरा ओढला. "तुमचा पडदा बराबर होता! पाण्यातला डोंगर सरळ हाय!"

यांनी पाहिलं आणि आत कापडाखालीच हसत सुटले. "सरका, सरका," म्हणत चाचांनी काच सरकवली, बिस्मिल्ला म्हणून भिंगावरची टोपी काढली. आम्ही श्वास धरला. टोपी परत बसली. आणखी एक काच झाली. तिसरी बसवेपर्यंत वारा आला आणि पाण्यातला डोंगर चुरगळला.

"मामा," हे वडिलांना म्हणाले, "काल सरळ 'हाय' म्हणाला असता तर?"

"मग तुम्ही एवढं वरडला असता का?" वडील म्हणाले.

नवा पडदा यांनी जीव ओतून केला. राजहंस गेले. डोंगर सरळ, पाण्यातला उलटा, आणि दोन्हींत नेढं. तो पडदा घेऊन चाचा शिरूरच्या बाजारात गेले. दर साली तिथं ते फोटोचा तंबू ठोकायचे. आम्हीही मदतीला गेलो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिथल्याच एका गावचे बागायतदार. भलाथोरला फेटा, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी पडदा न्याहाळला.

"चाचा, पडदा फाटलाय की तुमचा. एक सोडून दोन ठिकाणी."

उठून त्यांनी चक्क बोट घालून पाहिलं. बोट रंगावर अडलं. शेजारच्या दुकानातला शिंपी डोकावून म्हणाला, "आणा इकडं, ठिगळ मारून देतो." लोक हसायला लागले. मी पदर तोंडात धरून मागं सरकले. वाटलं, दौंडचं सगळं आता शिरूरलाही सुरू होणार.

तर हे पुढं झाले. "फाटला न्हाई, आप्पा. डोंगरालाच नेढं हाय."

"डोंगराला कुठं नेढं असतंय व्हय रं?"

"असतंय. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"तुझा काय संबंध तिथं?"

"सासुरवाडी हाय माझी," हे म्हणाले, आणि असे छाती काढून म्हणाले की डोंगर जणू यांनीच हुंड्यात मिळवला होता.

आप्पा बसले. नेढ्याच्या बरोबर खाली बसले आणि फोटो काढून घेतला. मग रांग लागली.

ऊन कलायच्या आत चाचांनी आम्हा दोघांना पडद्यापुढं उभं केलं. "मागच्या फोटोत तू तोंड झाकलं होतंस, बेटी. आता नीट बघ माझ्याकडं." मी पदर सारखा केला, मान ताठ केली. चाचा काळ्या कापडात शिरले. तेवढ्यात यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं पडद्याकडं, आणि कोपरानं मला हळूच ढोसलं.

"जरा अलीकडं सरक गं. नेढं झाकतंय."