दुसऱ्याच्या ओट्यावरचं दूध

माझी सासू खारघरला यायला कधीच तयार होणार नाही, या भरवशावर मी दोन वर्षं निवांत होते.

नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला. कर्जतहून रोजचं जाणं-येणं करून त्याचा पार चोथा झाला होता, हे मी मान्य करते. मुलीची दहावी झाली होती आणि तिला कॉलेज नि क्लास दोन्ही खारघरचेच हवे होते, हेही मान्य. आमच्या ओळखीत ज्याचं म्हणून जरा बरं चाललं, तो एकेक करून तिकडे सरकलाच आहे. रुंद रस्ते, उंच सोसायट्या, फाटकावर नाव-गाव विचारणारा वॉचमन, संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्या बायका. लग्नकार्यात कोणी "अजून कर्जतलाच का?" असं विचारलं की माझं डोकंच फिरायचं. कर्जतलाच का म्हणजे? आम्ही काय इथे शिक्षा भोगतोय? तिकडचीच माणसं शनिवार-रविवार कळंबला रिसॉर्टवर येऊन आमच्या भातखाचरांचे फोटो काढतात, आणि आम्ही मात्र इथून उठून त्यांच्या शेजारी राहायला जायचं. कमालच आहे.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. बाजारपेठेत माझी रक्त तपासायची लॅब आहे. एका गाळ्यात, माझ्या एकटीच्या हिमतीवर उभी केलेली. सकाळी शटर वर करायच्या आधीच बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. पळसदरीपासून खालापूरपर्यंतच्या माणसांचे दंड मला पाठ आहेत. चेहरा विसरेन, पण शीर विसरणार नाही. एकदा कळंबच्या एका आजोबांना मोठ्या दवाखान्यात तीन ठिकाणी टोचलं तरी रक्त मिळेना, तर ते तसेच उठून रिक्षाने माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताय, तूच काढ, तुझा हात माहितीचा हाय." ही माझी कमाई. खारघरला गेले की हे सगळं बंद. रोज एवढा प्रवास करून सकाळी सातला शटर उघडणं काही शक्य नव्हतं.

नवऱ्याला हे एकदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "अगं, तिकडे काय लॅब कमी आहेत? कुठेही नोकरी मिळेल तुला."

नोकरी! स्वतःचं दुकान असलेल्या माणसाला म्हणायचं, काळजी करू नकोस, दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायला ठेवतील. मी तेव्हा भांडायला हवं होतं. पण भांडले असते तर मुलीच्या शिक्षणाच्या आणि नवऱ्याच्या तब्येतीच्या आड येणारी बाई मी ठरले असते. म्हणून मी सोपी वाट धरली. विषय निघाला की म्हणायचं, "माझं काही नाही. आईंना विचारा."

आई म्हणजे माझी सासू. पंच्याहत्तरीची, ठणठणीत, फक्त साखरेचा त्रास. लग्न होऊन या घरात आली ती मुंबईला चार वेळा गेली असेल. शेत आता वाट्याने दिलेलं आहे, तरी बांधावर फेरी मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती कसली येतेय त्या अकराव्या मजल्यावर! आणि आईला एकटं टाकून जायची नवऱ्याची छाती नाही. म्हणजे झालं की. मी कोणाशीही वाईट न होता सुटत होते. नवरा एवढंच म्हणायचा, "बघू, योग्य वेळ बघून विचारतो." त्याची योग्य वेळ काही येत नव्हती आणि माझी काही घाई नव्हती.

मग एका रविवारी त्याने जाहीर केलं की खारघरला एक फ्लॅट बघायला जायचंय, सगळ्यांनी. पैशाची बाजू त्याने आधीच जुळवून ठेवली होती. आईला म्हणाला, "नुसता बघून येऊ गं. आवडला नाही तर नाही." मला बरंच वाटलं. प्रत्यक्ष बघितलं की म्हातारी तिथेच नाक मुरडणार, आणि विषय कायमचा मिटणार.

सासूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन गाडीत पुढे बसल्या. वाटेवरचं चौक गाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, चला, लक्षण ठीक आहे.

फ्लॅट एका बाईंचा होता. नवरा वारलेला, मुलगा बंगळूरला, आता त्याच्याकडे जाणार होत्या. घर मांडलेलं होतं, भिंतीवर फोटो, गॅलरीत तुळस. बाई स्वभावाने गोड होत्या. त्यांनी आम्हाला गॅलरीत नेलं आणि समोरचा डोंगर दाखवला. नवऱ्याने डोंगराकडे असं बघितलं, जन्मात डोंगर बघितला नसावा असं. अरे, माथेरानच्या पायथ्याशी वाढलास ना तू! मुलगी तर कुठल्या खोलीत तिचं टेबल बसेल तेही ठरवून मोकळी झाली होती. सासूबाई मागे स्वयंपाकघरातच राहिल्या होत्या. "गॅस पेटवू का गं बाय?" असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं, आणि बाईही "पेटवा की, चहा हवाय का?" म्हणाल्या.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मी आत धावले. बघते तर काय, गॅसवर बाईंचंच पातेलं, आणि त्यातून दूध फसफसून ओट्यावर उतू चाललंय. ओट्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं उठलेली. शेजारी कापडी पिशवीतून काढलेली स्टीलची रिकामी बरणी. आणि सासूबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या.

आमच्याकडे नव्या घरात राहायला जाताना पहिलं दूध उतू घालतात. घर आपलं झालं, त्यात काही कमी पडायचं नाही, असा त्याचा अर्थ. पण तो स्वतःच्या घरात! बघायला गेलेल्या घरात, दुसऱ्या बाईच्या गॅसवर, दुसऱ्या बाईच्या पातेल्यात कोणी दूध उतू घालतं का?

"अहो आई, काय करताय! हे आपलं घर नाहीये!" मी गॅस बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नको," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "जाऊ दे पुरतं."

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फडकं शोधायला लागले, तेवढ्यात मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता ही बाई आम्हाला हाकलणार, असं वाटलं. हाकललं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिच्या डोळ्यांत पाणी. "आजी," ती म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा माझ्या सासूबाईंनी अस्संच केलं होतं. आता मी हे घर दुसऱ्या कोणाला दाखवत नाही. दूध उतू गेलेलं घर कसं मोडायचं?" आणि ती सासूबाईंच्या पाया पडली.

नवरा दारात उभा राहून आईकडे बघत होता. परीक्षा न देताच पास झाल्यासारखा चेहरा. परत येताना चौकला चहाला थांबलो, तर तो चक्क शीळ घालत होता. मला म्हणाला, "तुझंच म्हणणं होतं ना, आईला विचारा? विचारायचीही वेळ आली नाही बघ." मीच विणलेल्या जाळ्यात मी अडकले होते आणि तक्रार कोणाकडे करायची तेही कळत नव्हतं. माझी बाजू मांडणारी एकच व्यक्ती होती, ती फितूर झाली होती.

अजून आशा होती, ती एवढीच, की म्हातारीला समजलं नसेल. सवयीने केलं असेल, देवळात गेलं की हात जोडले जातात तसं. दुसऱ्याच दिवशी त्यांची उपाशीपोटी साखर बघायची होती. सकाळी त्या लॅबवर आल्या. बाकावरची माणसं संपेपर्यंत मी त्यांना थांबवून ठेवलं. मग आत घेतलं, दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, सुई आत गेली, आणि मी हळूच विषय काढला.

"आई, काल ते दूध... तुम्हाला वाटलं का, की घर आपण घेतलंच आहे?"

"नाय गं. मला ठाव होतं, बघायलाच चाललोय."

"मग?"

"मग काय? तुमी दोन वर्सं नुसतं बघू बघू करताय. दूध उतू गेल्याबिगर कोण हलणार नव्हतं. म्हातारीला समजत नाय असं समद्यांना वाटतं. त्याचा उपेग कवा करायचा?"

मी नळी भरून घेतली, कापूस दाबला.

"पण आई, तुम्हाला करमेल तिथे? घर, शेत, माणसं सोडून?"

"मला कुणी कवा विचारलं, कुटं राहायचंय म्हणून? बापानं इकडं दिली, आले. सासरा गेला, नवरा गेला, मी तितंच. समदे आपले म्हणतात, आई कुटं जाणार हाय आता. अगं, जाणार नाय का जाता येत नाय, हे तरी इचारा! इथं मी दारातल्या कट्ट्यावर निवांत बसले तरी येणारा-जाणारा इचारतो, काय गं, सुनेशी भांडलीस? काल खाली बागेत त्या म्हाताऱ्या बसलेल्या, पायलंस? कुणी कुणाला इचारत नव्हतं. मला तसं बसायचंय."

मी पट्टा गुंडाळत बसले. मग तोंडातून निघून गेलं, "आई, मला नाही जायचं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कापूस दाबलेला हात तसाच दुमडलेला.

"मंग बोलली का नायस? माझ्या तोंडानं नाय म्हणत होतीस व्हय दोन वर्सं?"

मला इतका संताप आला! खरं बोललेलं माणसाला असंच झोंबतं. मी म्हटलं, "तुमच्या मुलाला सांगून उपयोग नाही म्हणून." त्या म्हणाल्या, "सांगून तर बघ." आणि चहा प्यायला निघून गेल्या.

त्या दिवशी जेवताना मी सांगितलं. सगळं सांगितलं. लॅब बंद करणार नाही, कोणाच्या हाताखाली टोचत बसणार नाही, मला इथून हलायचं नाही. मुलीने ताटातून मान वर केली नाही. नवरा म्हणाला, "मग आता आईला काय सांगू? तिचं मन बसलंय."

बघा. मी आईंच्या आड लपत होते, आता तो लपायला लागला. आणि आई समोरच बसलेल्या होत्या, भात कालवत. मी अडूनच बसले असते तर सगळ्यांचंच जाणं मोडलंही असतं. पण मग पन्नास वर्षांनी पहिल्यांदा दार उघडलेल्या बाईच्या तोंडावर ते लावून घेणारी मी असते. आणि हो म्हणाले असते तर माझं शटर कायमचं खाली. मला रडू येत होतं आणि समोर आमटीची वाटी होती.

सासूबाईच बोलल्या. "भांडू नका रं. ती राहू दे हितं. आमी तिघं जातो. शनवारी येईल ती, सोमवारी सकाळी परत. या दोघांचं जेवणखाण मी बघीन की. हातपाय धड हायत माझे."

मला वाटलं, आता नवरा ताट सारून म्हणेल, असं कसं, तुला सोडून कसं जाऊ? त्याने भाताचा घास घेतला, चावला, गिळला. "तसं होऊ शकतं," तो म्हणाला. इतक्या पटकन! हवं ते मिळालं होतं, आणि तरी मी आतून ओरडत होते, अरे, थोडं तरी भांड माझ्याशी.

जूनच्या आधी ते गेले. टेंपोत कपाटं चढली. मी तिघांच्या हातावर दही घातलं. सासूबाई ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. ज्या घरात मी सून म्हणून आले, तिथे घरचं माणूस म्हणून मी एकटीच उरले. गल्लीतल्या बायका आठवडाभर येऊन विचारत होत्या, "काही बिनसलं का गं?" काय सांगणार, कपाळ? सकाळी शटर वर करायचं, माणसांचे दंड धरायचे, दुपारी रिकाम्या घरात येऊन एका माणसाचा भात लावायचा. एका माणसाचा भात नीट होत नाही, तळालाच लागतो.

पहिल्या शनिवारी लॅब लवकर बंद करून निघाले. फाटकावर वॉचमनने नाव लिहून घेतलं, कोणाकडे जायचंय विचारलं. वर गेले, बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं. चेहरा उजळलेला, पायात घरात घालायच्या नव्या सपाता. मला बघून खूश झाल्या, खरंच झाल्या. आतून मुलगी ओरडली, "आई, चपला बाहेरच्या रॅकवर काढ हां, इथे आत आणत नाहीत." नवरा आंघोळीला गेला होता.

मी सोफ्याच्या कडेला टेकले. माझाच सोफा, कर्जतहून आलेला, पण भिंत दुसरी. सासूबाई आत गेल्या आणि ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, सोबत बशीत लाडू. अठरा वर्षांत त्यांनी मला कधी ट्रेमधून पाणी दिलं नव्हतं.

"दमलीस," त्या समोर बसत म्हणाल्या. "मंग, परत कवा निघायचंय?"

"आत्ताच तर आले, आई," मी म्हटलं.