सुई आणि टाके

सत्यशीला अकोले डेपोत कंडक्टर आहे. भंडारदऱ्याच्या गाडीवर तिची ड्यूटी असते. मागच्या वर्षी पावसाळा सरताना कॅश बॅगेचा पट्टा छातीला डावीकडे खुपू लागला. चाचपलं तर हरभऱ्याएवढी गाठ. तिनं पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि ड्यूटी चालू ठेवली.

तिची नणंद बनुबाई हिची अशीच गाठ पूर्वी तपासणीसाठी म्हणून पूर्ण भूल देऊन कापून काढली होती. कॅन्सर निघाला नाही. पण टाके चिघळले, आणि त्या साली बनुबाईला भाताची लावणी करता आली नाही. सत्यशीलानं ते जवळून पाहिलं होतं.

दिवाळीत बनुबाई माहेरी आली, तेव्हा सत्यशीलानं तिला सांगून टाकलं.

“माझं ऱ्हाऊ दे. तू आधी दाखव,” म्हणत बनुबाई तिला नगरला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर प्रज्ञांनी सोनोग्राफी केली. “कापायचं नाही. आधी सुईनं तुकडा काढून तपासू.”

“सुई टोचली की गाठ पसरते म्हनत्यात,” सत्यशीला म्हणाली.

“त्या भीतीनं थांबू नका. जागा बधीर करू. टाकाही लागणार नाही.”

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी जाड सुई आत घातली. टक्‌ टक्‌ आवाज झाला, थोडा दाब जाणवला. पट्टी लावून सत्यशीला त्याच दिवशी घरी आली.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण काही पेशी बिघडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, तेवढा भाग काढावा लागेल.

सत्यशीला चिडली. “शेवटी कापायचंच, तर सुई कशाला?”

“बऱ्याच जणींचं सुईवरच भागतं. सुईत गाठीचा थोडाच भाग येतो. अशा पेशी दिसल्या, की शेजारी काही दडलंय का ते बघावं लागतं.”

ती बाहेर बाकावर येऊन बसली. बनुबाई म्हणाली, “मला एवढं कुनी सांगितलंच न्हवतं. थेट टेबलावर घेतलं.”

सत्यशीला उठली आणि आत जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आली.

जखम नीट भरली. काढलेल्या भागात कॅन्सर सापडला नाही. ते ऐकून बनुबाई रडली. सत्यशीलानं कामावर कधी जाता येईल एवढंच विचारलं. आता दरवर्षी तपासणीला यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.