खुर्चीवाली बाई

खुर्चीवाली बाई कोणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी विचारायची, "या घरात खुर्चीवर कोण बसतं?" आंजीसारख्या गावात हा काय प्रश्न झाला? ज्याच्या घरी खुर्ची असायची त्याच्या घरी ती पाहुण्यासाठी भिंतीला टेकवलेली असायची आणि तिच्यावर गोधड्यांची चवड असायची. लोक हसायचे. कोणी म्हणायचं, "आमच्या घरी खुर्चीत गोधड्या बसतात, बाई." मग तिचंही हसू सुटायचं. हसणं मोठं होतं तिचं. कोठ्यातली जनावरं कान टवकारायची.

आणीबाणी उठली त्यानंतरचं वर्ष असावं. बाई एका चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायची. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या काढायला तिने आमच्या घरातली कोठ्याकडची खोली घेतली. आमचा भाजीचा मळा. माल वर्ध्याच्या बाजाराला जायचा. मला वाटलं, चित्रं काढणारी आहे, मोर-बदक काढेल, फार तर झाडाखालची बैलगाडी काढेल. तिने यातलं काहीच काढलं नाही. पहिल्याच आठवड्यात पुलगावच्या भंगारवाल्याकडून एक मोठी लाकडी खुर्ची गाडीत घालून घेऊन आली. इंग्रजांच्या वेळची, डाकबंगल्यातली. वेताची बैठक, आणि हात इतके लांब की बसणाऱ्याने त्यांच्यावर पाय पसरावेत. त्या खुर्चीत सरळ बसताच येत नाही. माणूस मागे कलतो आणि आपोआप साहेब होतो.

खुर्ची पाहून माझे सासरे खूश झाले. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. त्यांनी लगेच ओळखलं. साहेबाचा तंबू गावाबाहेर पडायचा तेव्हा मामाजींचे वडील अशाच खुर्चीपुढे उभे राहून साहेबाचे बूट ओढून काढायचे. हे मामाजी फार अभिमानाने सांगायचे.

बाईने विचारलं, "आणि तेव्हा तुमची आई कुठे असायची?"

"ते कायले तिथी राह्यते? ते घरी. तंबूतल्या लोकायचं पीठ दळे."

"म्हणजे साहेबापुढे तुमचे वडील उभे आणि वडिलांपुढे आई उभी. मग आई बसायची कधी?"

मामाजींनी नीट विचार केला. म्हणाले, "सैपाक करताना बसेच ना."

बाईने हे वाक्य कोळशाने खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवलं. मामाजींना वाटलं, आपला मान केला. आल्यागेल्याला ते भिंत दाखवायचे.

तिच्याजवळ जुने फोटो होते. कोण्या साहेबाने आपल्या इकडच्या बायका ओळीत उभ्या करून काढलेले. शेजारी उंची मोजायचा दांडा. खाली नाव नाही, नुसती जात. माझ्या सासूने फोटो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "ह्या बाया कोनाच्या मयतीले उभ्या आहेत वं?" बाई म्हणाली, "यांना कोणी विचारलंच नाही, कसं उभं राहायचं ते. मी विचारणार आहे." तिचं काम एवढंच होतं. चित्र म्हणायची नाही, कामच म्हणायची. गावातल्या बाईने यायचं, खोलीचं दार लावून घ्यायचं, साहेबाच्या खुर्चीत तिला वाटेल तसं बसायचं, आणि बाईने खाली जमिनीवर बसून तिला काढायचं.

आमच्याकडे सून काय किंवा सासू काय, घरच्या मोठ्या पुरुषासमोर खुर्चीत बसत नसे. खाटेवरसुद्धा नाही. कोणी नियम केला होता असं नाही, पण मोडलेला कोणी पाहिला नव्हता. बाईने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही खुर्चीत शेवटच्या कधी बसलात?" मी म्हटलं, "मला बसायला वेळ आहे का?" ती म्हणाली, "तेच तर." मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त आला.

कॉलेजात शिकवत असल्यामुळे तिला लेक्चर द्यायची सवय होती. इंग्रज गेले पण त्यांची बसायची तऱ्हा इथेच राहिली, पुरुषांनी ती उचलली आणि बायकांवर वापरली, असं ती हात हलवून सांगायची. मी म्हणायचे, "बाई, बोला, पण वांगी तोडता तोडता बोला." ती तोडायची. देठाचे काटे बोटात गेले की लेक्चर तेवढ्यापुरतं थांबायचं. टमाटे तोडायला तिला मी कधी लावलं नाही, कारण टोपलीत कमी आणि तोंडात जास्त जायचे. स्वयंपाक तिला येत नव्हता. एकदा तिने भाजलेली भाकर म्हशीनेही हुंगून सोडून दिली.

बायका आल्या. आधी एक आली, मग तिने दुसरीला सांगितलं. कोणी दोन्ही पाय खुर्चीच्या हातांवर टाकून पसरली. एकीला हात कुठे ठेवावे कळेना, तिने सूप मागून घेतलं आणि मांडीवर धरलं. एक आली ती नवऱ्याचा फेटा पदराखाली लपवून. दार लागल्यावर डोक्याला बांधला. एक बसली आणि झोपून गेली. बाईने तिला झोपलेलीच काढली आणि तिचं पोरगं मी बाहेर खेळवलं. मीही बसले. मला कंटाळा आला. चित्रात तो बरोबर उतरला होता.

प्रत्येकीला बाई सांगायची, "तुम्ही हो म्हणाल तोवर हे कोणाला दाखवणार नाही." बायका त्या भरवशावरच बसत होत्या. फेट्याचं चित्र घरी कळलं असतं तर त्या बाईचं काय झालं असतं हे मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांना माहीत आहे.

मग कॉलेजातले तिच्या विभागाचे मोठे सर काम पाहायला येणार असं ठरलं. त्यांनी चांगलं म्हटलं तर नोकरी पक्की, नाही तर ती जागा दुसऱ्याला. तिच्या मनातून ती गोष्ट जात नव्हती. त्या आठवड्यात तिने एकही टमाटा खाल्ला नाही. आदल्या दिवशी घरोघर जाऊन तिने परवानगी मागितली. सगळ्या नाही म्हणाल्या, मामाजींच्या धाकाने मीसुद्धा. एक म्हणाली, "मालकाले इचारून सांगतो," आणि दोन घटकांनी आली ती नाहीच घेऊन आली. नंतर मीच बाईला म्हटलं, "तुमची भाकरी आहे. दाखवून टाका. त्या सरांना काय माहीत कोण कोणाची?" ती म्हणाली, "सरांना माहीत नाही, पण तुमच्या गावातले पुरुषही येतील ना." खरं होतं. ते तर सरांच्याही आधी येऊन उभे राहणार होते.

आम्ही कोठा झाडून सारवून दिला. तिने सगळी चित्रं तोंड भिंतीकडे करून लावली आणि मधोमध खुर्ची ठेवली. सर आले. बुशशर्ट, चष्मा, घामाघूम. बाई त्यांना काही सांगणार तेवढ्यात मामाजी पुढे झाले. शहरातला मोठा माणूस दारी आलेला आणि घरात एकच धड खुर्ची. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती झटकली आणि म्हणाले, "या साहेब, बसा." सर बसले. बसले ते मागे कलले. गावातले पुरुष भोवती उभे राहिले. आम्ही बायका दाराशी.

बाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला वाटलं रडते. ती हसत होती.

चहा झाला. सरांनी विचारलं, "काम कुठे आहे?"

"तुम्ही त्याच्यावर बसला आहात, सर."

सरांना ती थट्टा वाटली. "बरं. आणि चित्रं? वळवा ती."

"वळवता येणार नाहीत. बायकांनी परवानगी दिली नाही."

"मग मी काय पाहायला आलो? पाठकोरे कागद? तुमची जागा या कामावर आहे, कळतं ना?"

"कळतं."

शेजारचा गणपत लगबगीने म्हणाला, "साहेब, मी वळवतो ना. त्यात काय?" आणि भिंतीकडे गेला. बाई आडवी आली. आता ती हसत नव्हती. माझ्या बाजूची फेटेवाली भिंतीला हात लावून उभी होती.

सरांनी रिकामा ग्लास बाजूला धरला, कोणीतरी घेईल म्हणून. पाहिलंसुद्धा नाही. घ्यायला माझी सासू पुढे झाली. तिने ग्लास घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, उठा जरा."

मामाजी म्हणाले, "अवं, काय करून राह्यली? पाहुने आहेत."

"पाहुन्याले चहा झाला ना? मंग उठू द्या."

म्हाताऱ्या बाईने उठ म्हटलं की माणूस उठतो. सर उठले. सासू बसली, मागे कलली आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन्ही पाय टाकले. नवऱ्यासमोर, गावासमोर. पायांना मळ्यातली माती होती.

"बाई, मले काढ," ती म्हणाली. "माहं चित्र यायले पाहू दे. बाकीच्यायचं राहू दे. अन् खाली नाव टाक."

गणपत म्हणाला, "काय टाकते नाव? पुंडलिकची माय?"

"पुंडलिक माहा पोरगा आहे. माहं नाव भागरता."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मामाजींनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन बैलांना पाणी पाजायला लागले. बैल पाणी प्यायलेले होते.

बाई जमिनीवर बसली आणि काढायला लागली. सर खांबाला टेकून उभे राहिले. बसायला दुसरं काही नव्हतं. गणपत भिंतीजवळून हळूच सरकला, कारण आता सगळे सासूकडे पाहत होते. चित्र पूर्ण होईपर्यंत कोणी गेलं नाही.

संध्याकाळी मी सासूला विचारलं, "आत्याबाई, बाईची नोकरी वाचवायले बसल्या का तुम्ही खुर्चीत?" ती म्हणाली, "माहे पाय दुखत होते."

नोकरी काही वाचली नाही. सर जाताना "हात चांगला आहे" म्हणाले आणि कॉलेजात जाऊन त्यांनी हा तमाशा आहे, कला नाही, असं सांगितलं. जागा दुसऱ्याला गेली. बाई आमच्या चुलीपाशी बसून रडली. मी रडू दिलं. मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालायला सांगितल्या, तेवढं तिला जमत होतं. जाण्याआधी तिने प्रत्येकीचं चित्र जिच्या तिच्या घरी नेऊन दिलं. फेटेवालीने आपलं पेटीत लुगड्यांखाली ठेवलं. सासूचं मात्र सासूने बाईलाच दिलं. खुर्ची आमच्याकडे राहिली. पुढच्या वर्षी कळलं, गुजरातेत एका कॉलेजात तिला ते एकच चित्र पाहून घेतलं.

गावात दोन-तीन घरी टीव्ही आले तेव्हा ती परत आली. केस पिकले होते, बरोबर तिचे विद्यार्थी. तिने सासूला सांगितलं की चित्र विलायतेत लागलं होतं, लोकांनी रांगेने पाहिलं. सासू म्हणाली, "म्हंजे साहेबाच्या गावाले गेलो म्हना मी, पाय वर करून." बाईचं ते जुनं हसणं पुन्हा घरभर झालं.

तेवढ्यात एक विद्यार्थी त्या खुर्चीत बसायला वाकला. मामाजींनी त्याचा दंड धरला. "बापू, तिथी नको बसू. ते बायायची खुर्ची आहे."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की त्या दिवसानंतर घरातला काय, गावातला कोणी पुरुष तिच्यात बसत नाही. बायका बसलेली जागा, तिथे बसायला त्यांना कमीपणा वाटतो. ते सतरंजीवर बसतात. खुर्चीत कधी सासू असते, कधी मी.

बाईचं हसू उतरलं. "वहिनी, हे नव्हतं मला पाहिजे. कोणीही बसावं, असं पाहिजे होतं."

मी म्हटलं, "ते तुम्ही काढा, बाई. होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही बसून घेतो."