व्हर्लीनचा अख्खा सेट

घरातलं जुनं सामान लोक अंगणात मांडून विकतात, त्या सेलमध्ये घासाघीस करण्यात व्हर्लीन हॉकमनचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. शनिवार उजाडला की ही बाई गाडी काढायची, खांबांवर चिकटवलेल्या पाट्या वाचत सगळ्या गल्ल्या पालथ्या घालायची, दोन डॉलरची किटली अर्ध्या किमतीत उचलायची आणि वर मालकिणीला ऐकवायची, "झाकण सैल आहे हो हिचं." आता जिने चढवत नाहीत म्हणून तिने घर विकायला काढलं आणि स्वतःच्याच अंगणात टेबलं मांडली, तेव्हा निम्मं गाव जुनं उट्टं काढायला आलं.

पाटीवर आठची वेळ होती. जुन्या मालाचे व्यापारी उजाडायच्या आधीच टॉर्च घेऊन गवतात हजर. एका बाईला फक्त बाथरूम वापरायची होती. एका गृहस्थाने दिवा लागतो का बघायला घरातून वायर ओढून घेतली, दिवा लावला, विझवला, "लागतो की!" म्हणाला आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

"ह्या खुर्चीचं निम्म्यात जमवा. पाय हलतात हिचे."

"माझेही हलतात," व्हर्लीन म्हणाली. "म्हणून तर विकतेय."

खुर्च्या आणि दिवे कुणी कितीलाही नेले असते तरी तिला सोयरसुतक नव्हतं. जीव अडकला होता तो आईच्या चिनीमातीच्या सेटमध्ये. काठाला निळी फुलं, बारा माणसांची ताटं, बशा, कप, रश्श्याचं भांडं. आईने अंडी विकून एकेक नग करत जमवलेला. एका कपाचाही टवका उडाला नव्हता, कारण थँक्सगिव्हिंग आणि ईस्टर हे दोन सण सोडून त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. तो सेट मुलीला द्यायचा होता. रोंडा फोनवर म्हणाली, "आई, ती भांडी डिशवॉशरमध्ये घालता येत नाहीत. विकून टाक ना." व्हर्लीनला ते फार लागलं. मग तिने मनाशी ठरवलं, की सेट जाईल तर अख्खा जाईल, एकाच ठिकाणी, आणि जेवायला बसणाऱ्या माणसांत जाईल.

गिऱ्हाइकांना ते कुठलं कळायला?

"नुसतं रश्श्याचं भांडं द्याल?"

"नाही."

"चार बशा तरी द्या. कुंड्यांखाली ठेवीन."

"कुंड्यांखाली वर्तमानपत्र ठेव."

शेजारची मॅव्हिस कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होती. "अगं, दे सोडून! हल्ली ही भांडी फुकटसुद्धा कोणी नेत नाही. मुलीचं लग्न ठरवतेयस की ताटं विकतेयस?"

"तू तुझी पोरं कशी खपवलीस ते मला ठाऊक आहे," व्हर्लीन म्हणाली. मॅव्हिस आत गेली.

दुपारी टेबलं आवरायची वेळ झाली, तेव्हा ऑर्विल क्रेब्स आला. आग लागली की बिनपगारी धावणाऱ्या गावातल्या हौशी बंबवाल्यांपैकी हा एक, मोठा सालस माणूस. त्याने ताटं उलटीसुलटी करून पाहिली. "अख्खा घेतो, बाई. आमच्या जत्रेला हवाय." आणि चिठ्ठीवर लिहिलेले पैसे जसेच्या तसे मोजले. घासाघीस न करता पैसे देणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारावेत, हे व्हर्लीनला जन्मभर माहीत होतं. नेमकी त्या दिवशी ती विसरली. बंबासाठी पैसे जमवायला भरणारी बंबवाल्यांची जत्रा म्हणजे चिकन-नूडल्सची पंगत, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की विचारायचं तिला सुचलंच नाही. सगळं गाव आईच्या ताटात जेवणार! तिने एकेक ताट स्वतः कागदात गुंडाळून दिलं.

जत्रेच्या वेळी रोंडा सामान बांधायला आली होती. व्हर्लीन तिला मुद्दाम पंगतीला घेऊन गेली, पण काही सांगितलं नाही. ताट समोर आल्यावर पोरीचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं. जेवण आलं ते कागदी ताटांत.

व्हर्लीन ऑर्विलला शोधत बाहेर आली. तो एका खोपटात उभा होता. मागच्या फळ्यांवर निळ्या फुलांची ताटं ओळीने उभी केलेली, मधोमध रश्श्याचं भांडं, वरती पाटी: "चेंडू मारा, भांडी फोडा." निम्म्या फळ्या मोकळ्या झाल्या होत्या. ऑर्विलने तिला पाहून आनंदाने हात हलवला. "बाई, तुमचा माल हातोहात चाललाय!"

त्या गोंगाटात रोंडाला हे ऐकू गेलं नाही. मागून येऊन तिने पैसे देऊन चेंडूही घेतले होते. "आई, बघ हं!" तिने हात मागे नेला आणि फेकला. रश्श्याच्या भांड्याचे तुकडे खोपटभर उडाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. रोंडा पोट धरून हसत होती. तिने काही ओळखलं नव्हतं. लहानपणापासून वर्षातून दोनदा ती त्याच ताटात जेवली होती. व्हर्लीनला वाईट वाटलं, आणि ते फुटलेल्या भांड्याचं नव्हतं.

"मार ना तूही! काय मोकळं वाटतं!" रोंडाने चेंडू पुढे केला. मग तिला काहीतरी आठवलं. "अगं, आजीच्या सेटचं काय झालं शेवटी?"

"गेला," व्हर्लीन म्हणाली. "अख्खा गेला."

"बरं झालं," रोंडा म्हणाली आणि तिने पुढच्या ताटावर नेम धरला.