तिसरा धबधबा

सव्वीस पावसाळे सरकारी घरात काढलेली वनरक्षकाची बायको सकाळी गळतीखाली पातेली मांडत होती, तेवढ्यात दार वाजलं. उद्यानाचे साहेब होते. माहितीपत्रकात धबधबे तीन छापलेले, पाहणीत मात्र दोनच सापडत होते.

"वहिनी, तिसरा कुठे आहे हो? तुमच्या यजमानांना विचारायचं होतं."

"ते गुहेत वटवाघळं मोजताहेत. घरातलं मोजायला सवड कुठे?" तिनं ओट्यावरच्या धारेकडे बोट दाखवलं. "हा घ्या तिसरा. पाऊस थांबला तरी तासभर वाहतो."

साहेबांनी वर पाहिलं आणि थेंब नेमका चष्म्यावर पडला. छपराच्या दुरुस्तीचे तिचे पाच अर्ज त्यांच्याच टेबलावर लोणच्यासारखे मुरत होते.

"दुरुस्ती केली तर धबधबा उरणार नाही," ते पुटपुटले.

"नाही उरला तर नाही उरला, साहेब. मला फक्त चार कौलं बदलून द्या."